पालथा हारा

वरखार, ता. गुहागर
२१ जुलै १९८५

कु. गोदावरीस हरिश्चंद्राचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी पोस्टमनने बांधावरच माझ्या हातात दिलं. चिखलाचा हात पंच्याला पुसला आणि उभ्याउभ्या वाचलं. आईने लांबून पाहिलं. तिला वाटलं, कॉलेजातून बोलावणं आलं. मी सांगितलं की कॉलेज मला केव्हाच विसरलं, हे तुझ्या भाचीचं आहे. त्यावर म्हणाली की मामाच्या मुलीचं एक पान वाचायला इतका वेळ लागत नाही. आईला लांबचं दिसत नाही अशी आपली समजूत आहे, ती काढून टाक.

देवस्थळी बाईंनी तुझ्या निबंधाची वीस पानं परत दिली हे वाचून आधी माझं डोकं फिरलं. एलएल.एम.च्या मुलीला कायदा आणि विकास असा विषय द्यायचा, तिने बिचारीने खारभूमीचा कायदा कलमवार लिहून आणायचा, आणि वर विचारायचं की यात माणसं कुठे आहेत. पुण्याच्या बाईला खाडीचं काय कळतं, असं मी आईला म्हटलंसुद्धा. मग जेवण झाल्यावर त्यांचा शेरा पुन्हा वाचला. कायदा यायच्या आधी हा बांध कोण घालत होतं, कशाच्या जोरावर, आणि आता का घालत नाही. प्रश्न खरा आहे. मला वर्गात कोणी असा एक प्रश्न विचारला असता तर मी दुसऱ्या वर्षात उठून आलो नसतो. तू लगेच म्हणशील की मी प्रश्नावरून उठलो नाही, मारामारीवरून उठलो. तेही खरं. पण खेड्यातल्या पोरी वकिली शिकून काय दिवे लावणार, असं तो मुलगा पुन्हा म्हणाला तर पुन्हा मार खाईल.

तर लिहून घे. खाडीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून हा मातीचा बांध. ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याच्या समोरचा तुकडा तो त्याचा वाटा. उधाणाला बांध फुटायला आला की भागोजी आजोबा शंख फुंकायचे आणि घरटी एक माणूस निघायचा, मग घरात बारसं असो की मयत. ज्या घरची माणसं मुंबईला, त्यांनी जाताना आपल्या वाट्यावर माती वाहायचा हारा, म्हणजे बांबूची टोपली, पालथा ठेवून जायचं. पालथा हारा म्हणजे घर बाहेर गेलंय, पण सुटलेलं नाही. मग तो वाटा सगळा गाव मिळून घालायचा आणि ते घर परतलं की उन्हाळ्यात गावासाठी खपायचं. हारा फक्त घरच्यानेच ठेवायचा, दुसऱ्याने नाही.

सरकारने बांध ताब्यात घेतला आणि हे सगळं बसलं. बांध फुटला तर खात्याला अर्ज. साहेब येतात, टेप लावतात, कागद मंजुरीला वर जातो. पाण्याला मंजुरी लागत नाही. भागोजींचा शंख देव्हाऱ्यात आहे, त्यात मुंग्या झाल्यात.

तुमचा वाटा आमच्या शेजारचा, ते तुला सांगायला नको. मामांनी रत्नागिरीच्या कोर्टात बेलिफाची नोकरी धरून बिऱ्हाड तिकडे हलवलं, तेव्हा तेही म्हणाले की बांध आता सरकारचा, हारा कशाला. तुमच्या वाट्यावर तेव्हापासून गवत आहे. घराची किल्ली आमच्याकडे असते. शनिवारी उघडतो, दारं-खिडक्या सताड टाकतो आणि ओटीवर बसून राहतो. आई विचारते, रिकाम्या घराला वारा द्यायला अर्धा दिवस लागतो का. उघाडीवर, म्हणजे पाणी सोडायच्या त्या झडपेवर, तू पाय सोडून बसायचीस तो दगड सध्या एका बगळ्याने धरलाय. मी त्याला हाकलत नाही. कोणीतरी बसलेलं बरं वाटतं.

निबंध झाला की ये. कोर्ट रत्नागिरीलाही आहे.

कळावे. लोभ आहेच, तो उधाणासारखा चढता राहावा.

तुझा
हरी

*

पुणे
६ ऑगस्ट १९८५

चि. हरी यास गोदाचे अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद वाचून तोंड वाकडं करू नकोस. तू शिक्षण सोडलंस आणि मी दोन परीक्षा पुढे आहे, तेव्हा मोठी मीच. ती. आत्याला माझा साष्टांग नमस्कार सांग, आणि ती म्हणते ते खरं आहे, तिला सगळं दिसतं.

तुझं पत्र घेऊन मी बाईंकडे गेले. शेवटचं पान काढून घेतलं होतं, ते बगळ्याचं. बाकी त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं. त्या सहसा कौतुक करत नाहीत. एवढंच म्हणाल्या की आता निबंधाला सुरुवात झाली. पालथ्या हाऱ्याखाली त्यांनी लाल रेघ मारली आणि मला विचारलं की कायद्याच्या कुठल्या कलमात इतक्या कमी शब्दांत इतकं बसलंय. वसतिगृहावर परत येताना मला एकदम खाडीचा वास आला. इथे खाडी नाही, हे तुला ठाऊक आहे. पुण्याची नदी आहे, तिला वास आहे, पण तो तो नव्हे.

आता त्यांचा पुढचा प्रश्न. ज्या घराने हारा ठेवला नाही, त्याच्या वाट्याचं काय होत असे? तू त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस. भागोजी आजोबांना विचारून लिही. बाई म्हणतात की लोक नियम सांगताना नेमका स्वतःला अडचणीचा असतो तोच विसरतात. मी म्हटलं, आमचा हरी तसा नाही, नावाचाच हरिश्चंद्र आहे.

एक बातमी आहे. दिल्लीच्या एका संस्थेत दोन वर्षांचं संशोधनाचं काम निघालंय, असेच गावोगावचे रिवाज आणि कायदे गोळा करायचे. निबंध चांगला उतरला तर बाई माझं नाव सुचवणार आहेत. दादांना, म्हणजे तुझ्या मामांना, अजून कळवलं नाही. आधी तुला लिहितेय. का, ते विचारू नकोस.

आणि तुझ्या प्राचार्यांना माफीच्या दोन ओळी हव्या होत्या. मला आठ-आठ पानं लिहितोस. दोन ओळी जड का जातात?

आत्याच्या हातच्या कुळथाच्या पिठीची फार आठवण येते. तुझीही येते, पण पिठीनंतर.

माया पातळ होऊ देऊ नये, इतकंच मागणं.

गोदा

*

वरखार
१६ सप्टेंबर १९८५

प्रिय गोदे,

नमस्कार-चमत्कार पुढच्या पत्रात. हात सोलवटलेत, अक्षर लावून घे.

दिल्लीचं वाचून मी महिनाभर लिहिलं नाही. चार पत्रं लिहिली, चारी चुलीत गेली. एकात मी तुझं अभिनंदन केलं होतं, ते सगळ्यात वाईट होतं. दिल्लीला जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण जा असंही माझ्या तोंडून निघत नाही, आणि न निघणाऱ्या गोष्टी ओढून काढायची मला सवय नाही. असो.

परवा पिठोरीच्या अमावास्येला दुपारच्या भरतीला बांध फुटला. तोही तुमच्याच वाट्यात. गवताखाली खेकड्यांनी पोखरलेला होता, आधी बोटभर धार, मग बघता बघता दारातून गुरं सुटावीत तसं पाणी. आत सगळं भात पोटरीला आलेलं. एकदा खारं पाणी बसलं की पीक तर गेलंच, पुढची दोन-तीन वर्षंही त्या जमिनीत दाणा धरत नाही. गणपती दाराशी आलेला, मुंबईची माणसं अजून एस्टीत. गावात म्हातारे आणि बायका.

खात्याकडे माणूस धाडायचा की नाही यावर घोळ चालला होता, तेवढ्यात शंख वाजला. भागोजींनी मुंग्यांसकट फुंकला. गोदे, अंगावर काटा आला. घरटी एक माणूस निघालं, म्हणजे घरटी एक बाई. आईने लुगडं खोचलं आणि चिखलाचे पेंड, म्हणजे गोळे, वाहायला उभी राहिली. हौसाकाकी, सोनूबाई, सगळ्या. कोणी पेंढा आणला, कोणी माडाची विणलेली झापं आणली. आणि तुमच्या वाट्याच्या कडेला येऊन सगळे थांबले. हातात माती, समोर पाणी, आणि थांबलेले. वाट्यावर हारा नव्हता. का थांबले ते भेटीत सांगेन.

मी उडी टाकली. पाणी छातीला लागत होतं. मेढ ठोकली, झापं आडवी लावली आणि पेंड मागितला. भागोजींनी वरून विचारलं की हरी, कुठे पाय ठेवलास ते कळतंय ना. मी सांगितलं, कळतंय, माती द्या. त्यांनी पहिला पेंड स्वतः दिला. मग सगळ्यांचे हात सुटले. ओहोटी लागेतो भगदाड बुजलं. भात राहिलं. तुमचंही राहिलं.

आज खात्याचे साहेब आले. सरकारी बांधाला हात लावायला परवानगी कोणी दिली, असं विचारत होते. मी दोन पावलं पुढे गेलो होतो, पण आईने शर्ट धरला आणि भागोजींनी साहेबांना चहा पाजला. तुझ्या बाईंच्या प्रश्नाला एवढं उत्तर पुरेल का?

पाण्यात उभा होतो तेव्हा निबंध डोक्यात नव्हता, भातही नव्हतं. तुमचा वाटा वाहून गेला तर तुला इकडे यायला जागा राहणार नाही, एवढंच होतं.

उत्तराची वाट पाहतो. पोस्टमनचीही आता माझ्याकडे पाहून हसायची हिंमत वाढलीय.

ओढ आहे तशी असू द्यावी.

हरी

*

वरखार
२५ सप्टेंबर

माझ्या गोदूस आत्याचा पोटभर आशीर्वाद.

मी चौथी शिकलेली, चुकलंमाकलं गोड करून घे. हरी सांगायचा नाय म्हणून मी सांगते. बांधाचा एक नेम त्याने तुझ्यापासून ठेवलान. हारा नसलेल्या वाट्याला परक्याने हात लावायचा नसतो. बांध घातला की आतल्या जमिनीवर हक्काचं बोट ठेवल्यासारखं होतं. म्हणून तिथे उतरायचं ते त्या घरच्या मुलाने, नायतर जावयाने. तुझ्या बापाला मुलगा नाय. मग हरी उतरला तो कोण म्हणून उतरला, ते सगळ्या गावाने डोळ्यांनी पाह्यलान.

गणपतीत आरतीला बायका मला साखर द्यायला लागल्या. मुंबईकरांनी तर लग्न मे महिन्यात धरा, रजा मिळते, असं सांगितलानी. मामाची पोर म्हणजे आपल्यात हक्काचीच, त्यामुळे कोणी विचारीत पण नाय की पोरीला विचारलंत काय. ही गोष्ट चालत चालत रत्नागिरीला तुझ्या बापाकडे गेली असणार. रावजी लहानपणापासून तापट, आमच्या घरात तो रोगच हाय.

पोरी, मी हरीची आई हाय तशी तुझी आत्या पण हाय. तुला नको असेल तर नको म्हण. गावाला मी तोंड देईन. त्याला पण मीच बघीन. तुमचं घर उघडून ओटीवर बसतो तेव्हा मी त्याला हाक मारीत नाय, एवढंच मला करता येतं.

कुळथाचं पीठ वेगळ्या डब्यात ठेवलंय. कोणी पुण्यास येणारं असलं की धाडते.

आत्या

*

पुणे
८ ऑक्टोबर १९८५

हरिश्चंद्रास,

आज आशीर्वाद नाही.

आत्याचं पत्र आणि दादांचं पत्र एकाच दिवशी आलं. दादांचं नेहमीसारखं समन्स. जमीन हवी की मुलगी, ते भाच्याने लेखी कळवावे, इतकाच मजकूर. मी ते हातात घेऊन वसतिगृहाच्या जिन्यात बसले आणि आधी हसले. मग राग आला. तो अजून आहे.

तुला नियम माहीत होता. मी मागितला होता, तरी तू तो ठेवून घेतलास, आणि मग सगळ्या गावासमोर त्याच्यावर उभा राहिलास. गावाला कळलं, मुंबईकरांना कळलं, दादांना कळलं. राहिलं कोण? मी बाईंपुढे तुझ्या नावाची शपथ घेतली होती रे.

बाईंना सगळं सांगावं लागलं. त्यांनी दोन वाटा दिल्या. वरखारचा हा प्रसंग निबंधातून गाळायचा, किंवा संशोधक त्याच घरची आहे असं स्पष्ट लिहून ठेवायचा. गाळला तर निबंधात उरतात ती कलमं, म्हणजे दिल्लीही गेली. मी तीन दिवस काही लिहिलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावून एकच विचारलं. त्या दिवशी माती कोणी वाहिली? मी म्हटलं, बायकांनी. मग वाटे कोणाच्या नावाचे? मी म्हटलं, पुरुषांच्या. मुलगा किंवा जावई, आणि मुलगी कुठे आहे या नियमात?

हरी, मी इतके दिवस कायद्याने लोकांना विचारलं नाही असं लिहीत होते. लोकांनी तरी मला कुठे विचारलं? तूही नाही.

म्हणून मी प्रसंग ठेवला आहे. त्या वाट्याचं घर माझं, असं लिहिलं आहे. तू निबंधात आहेस, पण जावई म्हणून नाहीस. नियम मोडणारा म्हणून आहेस. नियम मोडला म्हणून बांध राहिला, हेही लिहिलंय. बाईंनी ते वाक्य कापलं नाही. निबंध गेल्या शनिवारी दिला. दिल्लीचं ठरलं. दिवाळी करून निघेन.

आता नीट वाच. आमच्या माळ्यावर, पाट्यावरवंट्याच्या मागे, आजीचा हारा आहे. तो काढ आणि आमच्या वाट्यावर पालथा ठेव. हारा घरच्यानेच ठेवायचा असतो ना? मी घरची आहे. तुला मी मुखत्यार नेमते, हे पत्र म्हणजे मुखत्यारपत्र समज. कोणी विचारलं तर माझं नाव सांग, दादांचं नको. दादांना मी लिहिलंय की तुमच्या भाच्याला जमीनही मिळणार नाही आणि मुलगीही अशी मिळणार नाही, आणि वाट्याचं उत्तर यापुढे मला विचारावं.

अशी मिळणार नाही, एवढंच लिहिलंय. अशी या शब्दावर मी बराच वेळ थांबले होते.

पालथा हारा म्हणजे काय, ते तूच मला शिकवलंस. उन्हाळ्यात रजा मिळाली तर येईन आणि माझा वाटा मी घालीन. तू माझ्या वाट्यात उतरायचं नाहीस. तुझा शेजारी आहेच.

रागासकट, आणि बाकी सगळ्यासकट,

गोदा

*

वरखार
३० ऑक्टोबर १९८५

गोदावरीस हरीचा नमस्कार.

भात कापून झालं. तुमचं आईने वेगळं रचलंय.

तुझं पत्र आलं तेव्हा मी रत्नागिरीला जाऊन मामांशी भांडायला निघालो होतो. एस्टीच्या थांब्यावर पुन्हा वाचलं आणि परत आलो. वाटेत आईने विचारलं की गाडी चुकली का. मी म्हटलं, हो.

मामांना लेखी कळवलं, एका कार्डावर. जमीन नको. दुसऱ्या गोष्टीबद्दल तुम्हाला विचारण्यात माझी चूक झाली असती, म्हणून विचारत नाही. त्यांचं उत्तर आलं नाही. आई म्हणते की रावजीचं उत्तर आलं नाही म्हणजे बरं आहे.

हारा काढला. कोळिष्टकं झाडली, एका बाजूचा बांबूचा काठ सुटला होता तो वळला. कोजागिरीच्या सकाळी ठेवायला गेलो तर भागोजी आजोबा मागून आले. विचारलं, कोणाच्या नावाचा. मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले की पोरीच्या नावाचा हारा या बांधाने कधी पाहिला नाही. माझ्या तोंडाशी बरंच आलं होतं. ते गिळून मी हारा पालथा ठेवला. मग ते वाकले, एक चिरा उचलला आणि हाऱ्यावर ठेवला. म्हणाले, वारं खाडीकडचं आहे, उडेल.

गावाने साखर द्यायचं थांबवलंय. काहीजण हसतात. एकदा हात उगारला होता, तो खाली घेतला. प्राचार्यांना दोन ओळी लिहिल्या आहेत. अजून टाकल्या नाहीत, पण फाडल्याही नाहीत.

तू गेलीस की दिल्लीचा पत्ता कळव. तिथे थंडी फार असते म्हणतात, आईने गोधडी शिवायला घेतलीय आणि पिठीचा डबा त्यात गुंडाळून धाडणार आहे. शनिवारी घर उघडतोच. आता ओटीवर फार बसत नाही, बांधावर जातो. परवाच्या उधाणाला पाणी हाऱ्याच्या काठापर्यंत चढलं, थोडं टेकलं आणि परत गेलं. हारा होता तिथेच आहे. मी माझ्या वाट्यावर उभा राहून पाहिलं. पलीकडे पाय ठेवला नाही.

कळावे. लोभ केव्हा करायचा तो तू ठरव.

तुझ्या शेजारच्या वाट्याचा
हरी